दिवस कधीपासून मोजायचे?

(वर्षावासानिमित्त विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





विषय फलकावर लागला तेव्हा आमच्याच कार्यकारिणीतील दोन ज्येष्ठांनी आम्हाला बाजूला घेऊन विचारले, "हा विषय विहारात? आणि तोही पुरुषाने मांडायचा?" त्यांचा संकोच आम्ही समजू शकतो. आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेची पदवी आणि बँकेतील कारकुनी एवढीच आमची शिदोरी. परंतु दिवस मोजणे हे आमचे रोजचे काम आहे. ठेव कोणत्या तारखेपासून धरायची, व्याज कोणत्या दिवसापासून लागू होते, यात एका दिवसाची चूक झाली तरी खातेदार काउंटरवर येऊन उभा राहतो आणि हिशेब मागतो. आणि ज्या मोजणीवर एखाद्या मुलीची अब्रू अवलंबून असते, ती मोजणी मात्र आपल्यापैकी बहुतेकांना येत नाही. आम्हालाही येत नव्हती. ती आम्हाला एका प्रसंगाने शिकवली.

काही वर्षांपूर्वी संस्थेकडे एक गृहस्थ आले. नाव-गाव आम्ही सांगणार नाही. तारखा मात्र सांगतो, कारण सगळा घोटाळा तारखांचाच होता. त्यांच्या मुलीचे लग्न ५ मे रोजी झाले. जूनमध्ये तिला मळमळू लागले, म्हणून सासूबाई तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. १२ जूनला सोनोग्राफी झाली. रिपोर्टवर लिहून आले, गर्भ ६ आठवडे ६ दिवसांचा. घरात दीर शिकलेला. त्याने कॅलेंडर भिंतीवरून काढले आणि मोजले. लग्नापासून १२ जूनपर्यंत ३८ दिवस, म्हणजे ५ आठवडे ३ दिवस. रिपोर्टप्रमाणे ४८ दिवस. मधले १० दिवस कोणाचे?

त्याच संध्याकाळी मुलीला माहेरी आणून सोडले. दवाखान्यात हा आकडा कशाचा आहे हे एका वाक्यात सांगायला कोणाला सवड झाली नव्हती.

तो रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचे वडील आमच्याकडे आले होते. आम्ही पाच-सहा जण बसलो होतो, सगळे पुरुष. आम्हीही तो कागद पाहिला आणि गप्प बसलो. कारण खरे सांगायचे तर आम्हालाही हिशेब दिराने केला तसाच दिसत होता. आम्ही तडजोडीची भाषा बोलू लागलो. "झाले गेले विसरा," "मुलाकडच्यांना समजावू," असे काहीबाही. म्हणजे मुलीचा दोष आम्ही मनातून मान्यच केला होता. त्या बापाने मान खाली घातली ती आम्हाला आजही दिसते.

आपल्या संस्थेच्या एक सभासद भगिनी सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या आहेत. त्या हिशेबाची वही द्यायला आल्या होत्या. त्यांनी कागद हातात घेतला आणि मुलीच्या आईला बोलावून एकच प्रश्न विचारला, "लग्नाच्या आधी पाळी कधी आली होती?" आई म्हणाली, "पंचवीस एप्रिलला. ती येऊन जाईल म्हणून तर आम्ही पाच तारीख धरली." ताईंनी बोटांवर मोजले. २५ एप्रिल ते १२ जून, ४८ दिवस. ६ आठवडे ६ दिवस. त्या म्हणाल्या, "कागद बरोबर आहे आणि पोरगीही बरोबर आहे. तुमचं मोजणं चुकलंय."

मित्रहो, हे आपण नीट समजून घेऊ. गर्भाचे वय सांगताना जगभरचे डॉक्टर ते गर्भ राहिला त्या दिवसापासून मोजत नाहीत. ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. म्हणजे ज्या दिवशी ती बाई गरोदर नाही हे नक्की ठाऊक असते, त्याच दिवसापासून गरोदरपणाचा पहिला आठवडा सुरू होतो! ऐकायला हे विचित्र वाटते. पण यामागे व्यवहार आहे. पाळी आली तो दिवस दिसतो, आठवतो, सांगता येतो. गर्भ राहिला तो क्षण कोणालाच दिसत नाही, त्या बाईलासुद्धा नाही. पाळी अठ्ठावीस दिवसांची असेल तर साधारण चौदाव्या दिवशी स्त्रीबीज बाहेर पडते. ते जेमतेम एक दिवस टिकते. पुरुषाचे बीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकते. त्यामुळे पती-पत्नी एकत्र आले तो दिवस आणि गर्भ राहिला तो दिवस हेही एकच असतील असे नाही. या सगळ्या अंधारात चाचपडण्यापेक्षा डॉक्टरांनी दिसणारा दिवस धरला. म्हणून डॉक्टरांचा आकडा प्रत्यक्ष गर्भापेक्षा साधारण दोन आठवड्यांनी मोठा असतो. त्या मुलीच्या बाबतीत २५ एप्रिलमध्ये १४ दिवस मिळवा. ९ मे येते. लग्नानंतरचा चौथा दिवस.

कोणी म्हणेल, सोनोग्राफीचे यंत्र तर पाळी विचारत नाही, ते गर्भ मोजते. बरोबर आहे. यंत्र गर्भाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी मोजते. पण त्या लांबीवरून जे आठवडे छापून येतात, त्यांत ते दोन आठवडे आधीच मिळवलेले असतात, कारण कोष्टकच पाळीच्या हिशेबाने बनवलेले आहे. दिराची चूक इथे झाली. त्याची बेरीज-वजाबाकी बरोबर होती, पण दोन वेगळ्या खात्यांतील रकमा त्याने एकमेकींतून वजा केल्या.

आता आपण अडीच हजार वर्षे मागे जाऊ. नेमका असाच खटला भगवंतांच्या संघापुढे आला होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? जातककथांतील बारावी कथा, निग्रोधमिग जातक, तिच्या प्रारंभी हा प्रसंग येतो. धम्मपदाच्या अत्तवग्गातील १६० व्या गाथेच्या अट्ठकथेतही तो आहे. राजगृहातील एका श्रेष्ठीची मुलगी. तिला प्रव्रज्या घ्यायची होती, आई-वडिलांनी परवानगी दिली नाही, लग्न लावून दिले. पुढे पतीने परवानगी दिली आणि ती भिक्खुणी झाली. ती देवदत्ताच्या पक्षातील भिक्खुणींकडे गेली होती. त्या वेळी आपण गरोदर आहोत हे तिला स्वतःलाही माहीत नव्हते. काही दिवसांनी ते दिसू लागले. भिक्खुणींनी तिला देवदत्तापुढे नेले. देवदत्ताने काय केले? चौकशी नाही, प्रश्न नाही. आपल्या पक्षाची बदनामी होईल, तिला काढून टाका, एवढाच निर्णय. आमची ती पाच-सहा जणांची बैठक आठवली की आम्हाला हा देवदत्त आठवतो.

ती मुलगी मात्र खंबीर होती. मला भगवंतांकडे न्या, असे तिने सांगितले. राजगृहापासून श्रावस्तीपर्यंतचा लांबचा रस्ता ती गरोदरपणी चालली. जेतवनात भगवंतांनी तिला पाहिले. कथा सांगते की त्यांना सत्य माहीत होते. तरीही त्यांनी आपल्या शब्दावर ते मिटवले नाही. राजा पसेनदी, अनाथपिंडिक, विशाखा आदींना बोलावणे धाडले आणि विनयाचे जाणकार उपाली स्थविर यांना चारही परिषदांच्या समक्ष निवाडा करायला सांगितले. उपालींनीही स्वतः अंदाज बांधला नाही. त्यांनी हे काम विशाखेकडे सोपवले. ही मुलगी कोणत्या महिन्यात, कोणत्या दिवशी प्रव्रजित झाली ते नीट विचार, आणि गर्भ त्याच्या आधीचा की नंतरचा ते ठरव.

विशाखेचीच निवड का? अट्ठकथेनुसार तिला दहा मुलगे आणि दहा मुली होत्या. म्हणजे या विषयातील अनुभव तिच्याइतका त्या सभेत कोणालाच नव्हता. तिने कनात लावून घेतली, आत मुलीचे हात, पाय, बेंबी, पोट तपासले, महिने आणि दिवस यांचा मेळ घातला आणि गर्भ गृहस्थाश्रमातील आहे असे उपालींना कळवले. उपालींनी भर सभेत त्या भिक्खुणीला निर्दोष जाहीर केले. हात-पाय पाहून विशाखेला नेमका दिवस सांगता आला असेल, असे आम्ही म्हणत नाही. आजचे डॉक्टरही तसे सांगणार नाहीत. पण कामाची रीत पाहा. तपासणी आडोशाला आणि निर्दोषत्वाची घोषणा सर्वांसमक्ष. आपल्याकडे बरोबर उलटे होते. बदनामी चौकात आणि खुलासा स्वयंपाकघरात.

संघाने तिथेच हात झटकले नाहीत. प्रव्रज्येपूर्वी राहिलेल्या गर्भाचा प्रश्न चुल्लवग्गातही आला आहे. मूल जाणते होईपर्यंत आईने ते वाढवावे आणि तिच्या सोबतीला एक भिक्खुणी नेमून द्यावी, अशी अनुज्ञा तिथे दिलेली आहे. आपल्या कथेतील मूल मात्र राजाने वाढवले. तेच पुढे कुमार कस्सप म्हणून प्रसिद्ध झाले.

आणि या कुमार कस्सपांच्या बाबतीत दिवस मोजण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला! वीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय उपसंपदा द्यायची नाही असा नियम. त्यांची उपसंपदा झाली तेव्हा जन्मापासून वीस वर्षे भरली नव्हती, गर्भापासून धरली तर भरत होती. मग ती उपसंपदा खरी की खोटी? महावग्गात याचे उत्तर आहे. आईच्या कुशीत प्रथम चित्त, प्रथम विज्ञान प्रकट होते, तिथपासूनच माणसाचा जन्म धरावा आणि गर्भापासून वीस वर्षे मोजून उपसंपदा द्यावी. ज्या मुलाच्या गर्भाचे दिवस मोजून आईची सुटका झाली, त्याच मुलाचे गर्भातील दिवस त्याच्याही कामी आले.

जाता जाता एक सांगतो. गर्भापासून वय मोजणे मनुस्मृतीतही आहे. उपनयनासाठी ब्राह्मणाला गर्भापासून आठवे वर्ष, क्षत्रियाला अकरावे, वैश्याला बारावे. शूद्राच्या गर्भाचा हिशेब त्या श्लोकात नाहीच. विनयातील वीस वर्षे सर्वांना सारखी होती, मग न्हाव्याच्या कुळातून आलेले उपाली असोत की शाक्य राजकुमार. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला काय जाळले गेले, हे विद्यार्थ्यांनी अशा बारीक नियमांतूनही समजून घ्यावे.

असो. आपल्या बोलीकडे वळू. "तिला दिवस गेलेत" असे आपण म्हणतो. या दोन शब्दांतच सगळी मोजणी आहे. पाळीच्या तारखेवरून दिवस पुढे गेले, म्हणून दिवस गेले. आणि "नऊ महिने नऊ दिवस" हे आपल्या आजीचे गणित आम्ही कागदावर मांडून पाहिले. इंग्रजी नऊ महिन्यांचे सुमारे २७४ दिवस आणि वर नऊ, एकूण २८३. डॉक्टर म्हणतात २८०, म्हणजे चाळीस आठवडे. तीन दिवसांचा फरक! जर्मनीतील नेगेले नावाच्या प्रसूतितज्ज्ञांच्या नावाने एक नियम एकोणिसाव्या शतकापासून वापरात आहे. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. म्हणजे दवाखान्यात आजही जे करतात ते आजीच्या हिशेबापेक्षा फक्त दोन दिवसांनी कमी. त्या मुलीचे पाहा. २५ एप्रिलला नऊ महिने मिळवले की २५ जानेवारी, वर सात दिवस, १ फेब्रुवारी. २८० दिवस सरळ मोजले तर ३० जानेवारी. महिने कमी-जास्त दिवसांचे असल्यामुळे हा दोन दिवसांचा फरक पडतो.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात महामायेने बोधिसत्त्वाला दहा चांद्रमास उदरात वाहिल्याचा उल्लेख आहे. दहा चांद्रमास पूर्ण धरले तर २९५ दिवस होतात. आमच्या मते जुन्या बोलण्यात दहावा महिना लागला की दहा महिने म्हणत असावेत. कारण हा "लागला" आणि "भरला" यांचा गोंधळ आजही घरोघर चालू आहे. एक म्हणते पाचवा, म्हणजे लागला. दुसरी म्हणते पाचवा, म्हणजे भरला. दोघींमध्ये एक महिन्याचे अंतर.

या दिवसांचे शास्त्र किती अलीकडचे आहे पाहा. सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज प्रथम पाहिले ते फॉन बेअर यांनी, १८२७ साली. ते महिन्यातून केव्हा बाहेर पडते याचा उलगडा जपानचे ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे क्नाउस यांनी स्वतंत्रपणे केला तो १९२० च्या दशकात. पोटातील गर्भ ध्वनिलहरींनी पाहण्याची सुरुवात ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांच्या १९५८ च्या निबंधाने झाली, आणि लांबी मोजून गर्भाचे वय ठरवण्याची पद्धत तिथल्याच रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये मांडली. पहिल्या तीन महिन्यांत केलेली सोनोग्राफी पाच ते सात दिवसांच्या फरकाने वय सांगते. शेवटच्या महिन्यांत हाच फरक तीन आठवड्यांपर्यंत जातो, कारण तोवर कोणते बाळ लहान चणीचे, कोणते मोठे, हे वेगळे व्हायला लागते. म्हणून पहिली सोनोग्राफी लवकर करावी आणि तिचा कागद जपून ठेवावा. पुढच्या सोनोग्राफीत तारीख बदलून आली तर घाबरू नये, पहिली तारीख धरावी. आणि तारीख म्हणजे रेल्वेचे वेळापत्रक नव्हे. दिलेल्या नेमक्या दिवशी जन्मणारी बाळे शंभरात चार-पाच. ३७ आठवडे भरल्यापासून पुढे बाळ पूर्ण दिवसांचे मानतात.

सर्वच बायकांची पाळी अठ्ठावीस दिवसांची नसते, हेही लक्षात घ्या. पस्तीस दिवसांची असेल तर बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटते, म्हणजे सगळा हिशेब आठवडाभर पुढे सरकतो. अंगावर पाजणाऱ्या बाईला पाळी परत येण्यापूर्वीही दिवस जाऊ शकतात. तिथे मोजायला तारीखच नसते, सोनोग्राफीच करावी लागते. आमच्या आया-मावश्या तारीख सणावरून सांगायच्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी, जयंतीनंतर चार दिवसांनी. ही पद्धत वाईट नाही, सण पक्का असतो. पण मराठी महिन्यांची नुसती नावे मोजाल तर अधिक महिना दगा देतो. २०२३ मध्ये श्रावण दोन होते. त्या वर्षी आषाढ ते कार्तिक असे बोटांवर मोजणाऱ्या बाईचा एक महिना हरवला असता.

सगळ्यांत मोठी चूक होते ती चुकलेल्या पाळीपासून मोजण्यात. पुन्हा त्याच तारखा घेऊ. पाळी २५ एप्रिलची, पुढची २३ मेला यायची ती आली नाही. आता एखादी २३ मेपासून मोजू लागली, तर २३ सप्टेंबरला ती म्हणेल, "चार महिने झाले." डॉक्टरांच्या हिशेबाने तो दिवस १५१ वा, म्हणजे २१ आठवडे ४ दिवस. हा फरक कायद्यापाशी नडतो. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्याची मर्यादा २० आठवड्यांची होती. २०२१ च्या दुरुस्तीने काही ठरावीक परिस्थितीतील स्त्रियांसाठी ती २४ झाली, तीही दोन डॉक्टरांच्या मताने. आपल्या मते चार महिन्यांची असलेली बाई तिथे पोहोचते तेव्हा वीस आठवड्यांचे दार लागलेले असते. म्हणून पाळी चुकली की आठवडाभरात आशाताईंकडे जावे, लघवीची तपासणी करून घ्यावी. लाजेपायी गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

नोकरदार भगिनींसाठीही ही तारीख पैशाची आहे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक आले तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला, १९६१ मध्ये सर्व देशासाठी. २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि त्यांपैकी आठ आठवडे बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधी घेता येऊ लागले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही हेच मोजमाप ठेवले. आता "आधी" म्हणजे कशाच्या आधी? त्या अपेक्षित तारखेच्या. ती तारीख चुकली की रजेचा अर्ज चुकला. मुली अर्ज घेऊन येतात आणि कितवा आठवडा विचारले की एकमेकींकडे बघतात, हे आम्ही आमच्या टेबलावरून पाहिले आहे.

त्या मुलीचे पुढे काय झाले, असे आपल्या चेहऱ्यांवर दिसते आहे. तिसऱ्या दिवशी परिचारिका ताई आणि आम्ही दोघे जण तिच्या सासरी गेलो. ताईंनी सासूबाईंना आणि मुलाला समजावून सांगितले. मुलगा वरमला, न्यायला आला. पण मुलगी लगेच उठली नाही. ती म्हणाली, "भावजींना बोलवा. त्यांनी कॅलेंडर काढून ज्यांच्यासमोर मोजलं होतं, त्यांच्यासमोर पुन्हा मोजू दे." शेजारची दोन घरेही बोलवावी लागली. दिराने २५ एप्रिलवर बोट ठेवले आणि मोठ्याने मोजत १२ जूनपर्यंत आला. त्यानंतर ती गेली. ३ फेब्रुवारीला मुलगी झाली.

त्या बैठकीत आम्ही गप्प बसलो होतो, त्याबद्दल तिच्या वडिलांची माफी मागायला आम्हाला मात्र नामकरणापर्यंतचा वेळ लागला.

परिचारिका ताई आज इथेच आहेत. कार्यक्रमानंतर मागच्या खोलीत बसतील. ज्यांच्याजवळ माता-बाल संरक्षण कार्ड आहे त्यांनी ते घेऊन जावे. शेवटच्या पाळीची तारीख लिहिलेली नसेल तर तिथेच लिहून घ्यावी. नर्सिंगच्या विद्यार्थिनींनी त्यांच्यासोबत थांबावे. पुरुषांनाही जायला हरकत नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!